तिकीट कुणाच्या फोनवर? : रेल्वेच्या ॲपवर घेतलेला एक पाठ



आजचा लेख माझ्या एका चुकीपासून सुरू होतो. चूक छोटी होती, पण तिचा दंड माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीनं भरला. त्या दंडातूनच हा पाठ तयार झाला. म्हणून आधी तो प्रसंग सांगते, मग पाठ.

मी कोल्हापुरात राहते आणि हातकणंगल्याजवळच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. जायला-यायला पॅसेंजर गाडी. मागच्या वर्षी आमच्या पालकांच्या ग्रुपवर मी मोठ्या उत्साहानं एक मेसेज टाकला होता : "रेल्वेचं साधं तिकीट आता मोबाईलवर निघतं. घरबसल्या कुठूनही काढा. रांगेत उभं राहायला नको. तिकिटाचा फोटो पाठवला तरी चालतो." पालकांनी अंगठे दाखवले, मीही खूश झाले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी मिरजेला माहेरी निघाले. हातकणंगल्याच्या फलाटावर चौथीतल्या एका मुलीची आजी भेटली. तीही मिरजेलाच चाललेली, बाळंतीण लेकीकडे. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, पिशवीत दुपटी. गाडीत शेजारी बसलो. म्हणाली, "बाई, तुमच्यामुळं यंदा लायनीत उभं ऱ्हायला लागलं न्हाई बघा. पोरानं पुण्यातनं तिकीट धाडलंय."

पुढच्या दहा मिनिटांत टीसी आले. आजीनं पिशवीतून फोन काढला. लेकानं दिलेला जुना फोन, व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघायला. व्हॉट्सॲप उघडून तिनं तिकिटाचा फोटो पुढे केला. टीसींनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आजी, हा फोटो आहे. तिकीट ज्या फोनवर काढलंय त्याच फोनच्या ॲपमध्ये दिसावं लागतं. हे विनातिकीट धरावं लागेल."

आजीला कळेचना. "अवो, पैसं भरल्यात की! पोरगं काय खोटं बोलंल व्हय?"

पैसे खरंच भरले होते. पण तिकीट पुण्यातल्या फोनमध्ये आणि प्रवासी हातकणंगल्याच्या गाडीत. दंड होता भाडं आणि वर २५० रुपये. मी पर्स उघडली, तर आजीनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे बाई. माझा दंड म्या भरीन." कनवटीचे पैसे मोजून दिले आणि मिरज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. डब्यातला लाडू द्यायची तिची सवय, तीही त्या दिवशी विसरली.

मला राहून राहून आठवत होता तो माझा मेसेज. मुलीच्या आईनं तो तसाच पुण्याच्या दिराला पाठवला होता आणि त्यानं शिक्षिकेच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. घरबसल्या कुठूनही तिकीट निघतं हे खरं होतं. फोटो चालतो हे मी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि न तपासता पुढे पाठवलं होतं. वर्गात आपण मुलांना सांगतो ना, ऐकीव माहिती तपासून घ्या? तेच मी केलं नव्हतं.

सोमवारी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, माफी मागितली. पण नुसती दुरुस्ती पुरेशी वाटली नाही. मोबाईल घराघरात आहे, तिकीटही त्यावर आलंय, आणि घरात ॲप चालवणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच चौथी-पाचवीतला विद्यार्थी असतो. मग हे आपल्या वर्गात का शिकवू नये? म्हणून दोन तासिकांचा पाठ केला. तो इथे मांडते. तुम्ही तुमच्या गावाच्या लाईनप्रमाणे बदल करून घ्या.

आधी आपली लाईन

मोबाईल बाहेर काढण्याआधी मी फळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि स्टेशनं लिहिली. कोल्हापूर, गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मिरज. अंतर सुमारे ४७ किलोमीटर. मुलं रोज गाडीचा भोंगा ऐकतात, पण ही नावं ओळीनं एकालाही आली नाहीत.

नावांतच अर्धा परिसर अभ्यास आहे. गूळ मार्केट कशावरून हे सांगावं लागलं नाही, मुलांनीच सांगितलं. वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, पोलंडमधून आलेल्या सुमारे ५ हजार निर्वासितांची वसाहत होती. घर सुटलेली, आपल्या मुलांएवढी कितीतरी मुलं याच माळावर वाढली. जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलं. आणि ही लाईनसुद्धा कोल्हापूर संस्थानची. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाची सुरुवात झाली, तेव्हा महाराज सुमारे चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज गाडी धावली. "चौदा म्हणजे माझ्या दादाएवढे!" असं एक मुलगा म्हणाला, तेव्हा इतिहास थोडा जवळ आला असं वाटलं.

आज कोल्हापूर स्टेशनला छत्रपती शाहू महाराजांचं नाव आहे. ॲपमध्ये हे लांब नाव इंग्रजीत तोडून-जोडून लिहिलेलं असतं आणि नवख्या माणसाला सापडत नाही. म्हणून स्टेशनचे कोड पाठ करून घेतले. कोल्हापूर केओपी, मिरज एमआरजे, सांगली एसएलआय, सातारा एसटीआर. मुलांना कोड फार आवडतात. दुसऱ्या दिवशी एकमेकांना हाका मारताना सुद्धा कोड वापरायला लागली.

कोणतं ॲप, कशासाठी?

पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सोपं करून सांगते.

रेल्वेची तिकिटं दोन प्रकारची. आरक्षित, म्हणजे तारीख, गाडी, डबा, जागा ठरलेली. आणि अनारक्षित, म्हणजे जनरल, आपण पॅसेंजरला काढतो ते. बरेच पालक आयआरसीटीसीचं ॲप उघडून हातकणंगले ते मिरज जनरल तिकीट शोधत बसतात. ते दुकान प्रामुख्यानं आरक्षणाचं.

जनरल तिकिटासाठी यूटीएस हे ॲप आलं. रेल्वेची संगणकाची कामं करणारी 'क्रिस' नावाची संस्था आहे, तिनं ते बनवलं. २०१४ च्या अखेरीला मुंबईच्या लोकलसाठी सुरुवात झाली. मुंबईच्या तिकीट खिडकीची रांग ज्यानं बघितलीय त्याला कारण विचारावं लागणार नाही. २०१८ पासून ते देशभर आलं. १ जुलै २०२५ ला रेल्वेनं 'रेलवन' हे नवीन ॲप आणलं. त्यात जनरल तिकीट, आरक्षण, गाडी कुठे आहे याची माहिती, तक्रार, सगळं एकाच ठिकाणी आहे. आता नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी रेलवनच घ्यावं. पण डाऊनलोड करताना बनवणाऱ्याचं नाव बघा. मिळत्याजुळत्या नावांची ॲप पुष्कळ असतात. कुणी पाठवलेल्या लिंकवरून तर मुळीच घेऊ नका.

तिकीट काढायच्या पायऱ्या फार नाहीत. मोबाईल नंबरनं नोंदणी करायची. कुठून-कुठे ते निवडायचं. किती मोठे, किती लहान ते सांगायचं. गाडीचा प्रकार निवडायचा. पैसे भरायचे. झालं. एका तिकिटावर चार जणांपर्यंत चालतात.

यातल्या गाडीच्या प्रकाराकडे मात्र लक्ष द्या. ऑर्डिनरी म्हणजे पॅसेंजर, मग मेल-एक्सप्रेस, मग सुपरफास्ट. स्वस्त दिसतं म्हणून ऑर्डिनरी काढलं आणि समोर कोयना एक्सप्रेस आली म्हणून तीत चढलात, तर ते तिकीट अपुरं ठरतं. रूळ एक असले तरी भाडं वेगळं. आणि जनरल तिकिटावर स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही, हेही पहिल्यांदा जाणाऱ्यांना सांगावं लागतं.

नियम सांगू नका, शोधायला लावा

आता पाठाचा गाभा. नियमांची यादी लिहून पाठ करून घेतली तर मुलं आठ दिवसांत विसरतात. मी उलटं केलं. वर्गाचे दोन गट केले, एक 'फुकटे प्रवासी' आणि एक 'रेल्वेवाले'. फुकट्यांनी मोबाईल तिकिटात फसवायची युक्ती काढायची आणि रेल्वेवाल्यांनी ती बंद करणारा नियम बनवायचा. खरा नियम शेवटी मी सांगायचा.

पहिली युक्ती लगेच आली. "गाडीत बसायचं, टीसी दिसला की पटकन तिकीट काढायचं!" रेल्वेवाले म्हणाले, "गाडीत तिकीट निघायलाच नको." बरोबर तोच नियम आहे. फोनला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि रुळांजवळ, फलाटावर किंवा गाडीत ॲपवर कागदाविना तिकीट निघत नाही. घरून किंवा रस्त्यातच काढून ठेवायचं. पूर्वी स्टेशनपासून ठरावीक अंतरातच ते काढता यायचं. ती बाहेरची मर्यादा २०२४ मध्ये काढली. त्यामुळे कोल्हापुरात बसून मिरज ते सांगलीचं तिकीटही निघतं. मात्र आतली मर्यादा आहे तशीच आहे. स्टेशनवर त्यासाठी क्यूआर कोड लावलेला असेल तर तो स्कॅन करून तिकीट निघतं, नाहीतर सरळ खिडकी गाठायची.

दुसरी युक्ती : "एकदाच तिकीट काढून दिवसभर जा-ये करायची." यावर नियम वेळेचा. जवळच्या प्रवासाचं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत किंवा तिकडे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. म्हणजे सकाळी सातला काढून ठेवू आणि दुपारी तीनच्या गाडीला वापरू, असं गृहीत धरू नका.

तिसरी युक्ती : "गाडीतून उतरायचं आणि तिकीट रद्द करून पैसे परत घ्यायचे." हे ऐकून मी चाटच पडले. म्हणूनच ॲपमधलं कागदाविना तिकीट रद्द होत नाही. पालकांनो, याचा अर्थ बटण दाबण्याआधी स्टेशन आणि माणसं पुन्हा एकदा वाचा. कोल्हापूर ते मिरजऐवजी उलटं काढलं गेलं तर पैसे गेले.

चौथी युक्ती त्या आजीच्या नातीनंच सांगितली. बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाई, एकानं तिकीट काढायचं आणि फोटो काढून दहा जणांना द्यायचा." वर्ग एकदम शांत झाला. गावात गोष्टी लपत नाहीत, आजीचा दंड सगळ्यांना माहीत होता. मी विचारलं, "मग रेल्वेनं काय करावं?" ती म्हणाली, "ज्याच्या फोनवर काढलं, त्यानंच जायचं." थोडं थांबून पुढे म्हणाली, "म्हंजे टीसीकाका खोटं बोलत नव्हते. पण माझी आज्जीपण नव्हती."

मुलीचं हे वाक्य ऐकून मी खडू खाली ठेवला. नियम कशासाठी आहे ते तिला कळलं होतं आणि आजी चोर नाही हेही तिला सगळ्यांसमोर सांगता आलं होतं. त्याच वेळी मी वर्गाला सांगितलं की फोटो चालतो हा निरोप माझा होता, चूक माझी होती. मुलं जरा दचकली. बाई चुकतात हे त्यांना नवीन नसेल, पण बाई तसं म्हणतात हे नवीन होतं.

मग आजीनं काय करायला हवं होतं?

हा प्रश्न मी गृहपाठ म्हणून दिला. घरी चर्चा करून उत्तर आणायचं. उत्तरं छान आली.

पहिलं उत्तर, खिडकीवर तिकीट काढायचं. अगदी बरोबर. ॲप आलं म्हणजे खिडकी बंद झाली नाही. ज्याला फोन झेपत नाही त्यानं कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. कागदी तिकिटाची बॅटरी संपत नाही. मोबाईल तिकिटाचं तसं नसतं. फोन बंद पडला आणि तिकीट दाखवता आलं नाही, तर तेही विनातिकीटच धरतात. नेट नसलं तरी काढलेलं तिकीट ॲपमध्ये दिसतं, पण फोन चालू असायला हवा.

दुसरं उत्तर, ॲपमध्येच कागदी तिकिटाचा पर्याय असतो तो निवडायचा. त्यात बुकिंगचा नंबर मिळतो, तो वापरून स्टेशनवरच्या मशीनवर किंवा खिडकीवर तिकीट छापून घ्यायचं. मग पुण्यातल्या मुलानं पैसे भरले तरी आजीच्या हातात कागद असतो. पण हा कागद घेतल्याशिवाय गाडीत चढायचं नाही. नुसता नंबर किंवा त्याचा मेसेज म्हणजे तिकीट नाही.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडलं. आजीच्याच फोनवर ॲप घ्यायचं आणि रेल्वेच्या आर-वॉलेटमध्ये थोडे पैसे भरून ठेवायचे. आर-वॉलेट म्हणजे फक्त रेल्वेच्या तिकिटासाठीचा बटवा. बँकेचं खातं फोनला जोडायला नको. उद्या काही गडबड झालीच तर जाईल ते बटव्यातलं, घराचे पैसे सुरक्षित.

पिनचं काय करायचं?

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. तुम्ही काही वाचणार नसाल तर निदान एवढं वाचा.

पैसे कसे भरायचे यावर बोलताना मी सहज विचारलं, "घरच्या मोबाईलचा पैशाचा पिन कुणाकुणाला माहीत आहे?" बरेच हात वर गेले. एकानं तर आकडे सांगायलाच सुरुवात केली, मला ओरडून थांबवावं लागलं. कारण साधं आहे. आईचे हात कणकेचे असतात, बाबा गाडी चालवत असतात, आणि "जरा पैसे पाठव रे" असं आपणच सांगतो.

मूल हुशार आहे म्हणून आपण कौतुक करतो. पण पिन म्हणजे घराच्या तिजोरीची किल्ली आहे. किल्ली मुलाच्या गळ्यात बांधून आपण त्याला बाजारात पाठवत नाही. शिवाय उद्या खात्यातून पैसे गेले की पहिला संशय त्या लेकरावर येतो, तोही त्याच्यावर अन्यायच. माझ्या वर्गात आम्ही एक नियम केला : *स्टेशन शोधणं, वेळ बघणं, माणसं मोजणं हे काम मुलांचं, पिन टाकणं हे काम मोठ्यांचं, आणि त्या वेळी मुलांनी तोंड फिरवायचं.* मुलं आता घरी खरंच तोंड फिरवून उभी राहतात असं दोन-तीन आयांनी सांगितलं. हसू येतं, पण सवय चांगली आहे.

ओटीपी विचारणारा फोन, "तिकिटाचे पैसे परत देतो, या लिंकवर जा" असे मेसेज, यांवरही पाच मिनिटं बोला. पैसे *मिळवण्यासाठी* पिन टाकावा लागत नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहून आठवडाभर पुसलं नाही.

प्रवासाचं नियोजन : गणिताची तासिका

दुसऱ्या तासिकेत गणित घेतलं. चौथी-पाचवीला २४ तासांचं घड्याळ असतंच, आणि रेल्वेइतका त्याचा चांगला उपयोग दुसरीकडे सापडणार नाही. १८:२५ म्हणजे किती? बारा वजा करा, संध्याकाळचे ६ वाजून २५ मिनिटं. इथवर सोपं. मग खोड्याचा प्रश्न : "०:१० ची गाडी सोमवारची आहे. स्टेशनवर कधी जायचं?" जवळजवळ सगळ्यांनी सोमवारी रात्री असं सांगितलं. खरं तर रविवारी रात्रीच जेवून निघायला हवं, कारण बारा वाजले की तारीख बदलते. ही चूक मोठी माणसंही करतात आणि फलाटावर जाऊन कळतं की गाडी कालच गेली. महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापुरातून रात्री सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोचते, तिच्यावरून तारीख ओलांडणं छान समजावता येतं.

मग गाडीचा नंबर. डिसेंबर २०१० पासून सगळ्या गाड्यांना पाच आकडी नंबर आहेत आणि पहिल्या आकड्यालाच अर्थ आहे. १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची गाडी, ० असेल तर खास सोडलेली, ५ पॅसेंजर, ६ मेमू, ७ डेमू, ९ मुंबईची लोकल. जोडगाड्यांचे नंबर साधारण शेजारीशेजारी असतात. ११०३० कोयना कोल्हापूरहून मुंबईला, ११०२९ मुंबईहून कोल्हापूरला. ११०३९ महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून गोंदियाला, ११०४० परत. मी नंबर सांगायची आणि मुलांनी गाडीचा प्रकार ओळखायचा. खेळ इतका रंगला की मधल्या सुट्टीची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

भाड्याचं गणितही घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला जनरलचं अर्धं तिकीट. समजा मोठ्यांचं भाडं २० रुपये आहे, आई, बाबा, नऊ वर्षांची ताई आणि चार वर्षांचा भाऊ चाललेत, एकूण किती? उत्तर ५०. त्यात "भाऊ पुढच्या महिन्यात पाच पूर्ण करणार आहे, मग?" असं विचारलं की वर्गात वाद सुरू होतो. एक प्रामाणिक मुलगा म्हणाला, "बाई, आमचे पप्पा मला अजून चारच सांगतात." यावर काय बोलायचं ते तुमच्यावर सोडते. मी एवढंच म्हटलं, "पप्पांना आजचं गणित दाखव."

रोज जाणाऱ्यांसाठी पासचं गणित वेगळं. महिन्याचा पास आणि रोजचं तिकीट यांची तुलना करायला लावा. कामाचे दिवस मोजून किती दिवसांनंतर पास परवडतो ते काढता येतं. ॲपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, हे नवीन नोकरदारांनी लक्षात ठेवा. आणि कुणाला सोडायला फलाटावर जाणार असाल तर प्लॅटफॉर्म तिकीटही ॲपवर मिळतं, ते दोन तास चालतं.

शेवटी नियोजन. वेळापत्रकातली वेळ आणि गाडीची आजची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी. मिरजेला गाडी बदलायची असेल तर दोन्हींत फरक पडू शकतो. गाडी आत्ता कुठे आहे हे रेल्वेच्या ॲपमध्येच कळतं, ते निघण्याआधी बघायची सवय लावा. पावसाळ्यात तर नक्की. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी चढलं आणि आपली लाईन बंद ठेवावी लागली, हे रुकडीच्या पुलाजवळच्या मुलांना सांगायला नको. ॲप काय दाखवतंय ते बघावं, आणि नदी काय सांगतेय तेही बघावं.

शिक्षकांसाठी थोडक्यात

वर्ग : चौथी-पाचवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : फळ्यावर काढलेली आपल्या लाईनची रेघ, जुनी कागदी तिकिटं, शक्य असेल तर एकच मोबाईल, तोही शिक्षकाच्या हातात. मोबाईल नसेल तरी अडत नाही. पुठ्ठ्याचा पडदा करून त्यावर चिठ्ठ्या सरकवल्या की ॲप तयार होतं. आमच्या मुलांनी तसंच केलं.

मूल्यमापनासाठी हे प्रश्न वापरा :

१. काकांनी पुण्यातून तिकीट काढून फोटो पाठवला. तू काय सांगशील?
२. फलाटावर पोचल्यावर आठवलं की तिकीट काढलंच नाही. आता काय?
३. फोनची बॅटरी पाच टक्के आहे आणि प्रवास तासाभराचा. ॲपवर तिकीट काढशील की खिडकीवर? का?
४. २२:४० ला सुटणारी गाडी ६:१० ला पोचली. प्रवास किती तासांचा?

आणि पालकांनो, मुलांना एकदा खिडकीवरचं तिकीटही काढायला पाठवा. रांगेत उभं राहणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, "एक मिरज द्या काका" असं मोठ्यानं म्हणणं, सुटे पैसे मोजून घेणं, हे ॲप शिकवत नाही.

महिन्याभरानं त्या आजी पुन्हा स्टेशनवर दिसल्या. नात सोबत होती. आर-वॉलेट भरून ॲप आजीच्याच फोनवर घेतलंय असं नातीनं मला अभिमानानं सांगितलं. आजी मात्र खिडकीकडेच चालल्या होत्या. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, "फोनात हाय की तिकीट काढायचं. शिकल्ये म्या. पन आज ईळ हाय, कागूदच घेती." मग डबा उघडून माझ्या हातावर लाडू ठेवला.

पाठ वर्गात घेऊन बघा. आणि ग्रुपवर काही पाठवण्याआधी, माझ्यासारखं न करता, एकदा स्वतः तपासून बघा.